नावाच्या जागी टाळी

"नाव तेवढं काढा हो," कालिंदीबाई पोळी उलटत म्हणाल्या. "बाकी गाणं ठेवा. बोटींवर वाजवा, फोनात वाजवा."

पाटावर बसलेल्या कुणालनं मान डोलावली. मान उत्तम डोलावता येणं ही त्याच्या नोकरीची अर्धी पात्रता होती. दोन वर्षांपूर्वी तो पुण्याहून माइक घेऊन काशीत आला आणि दुर्गाघाटावरच्या मराठी बायकांची गंगापूजनाची गाणी 'जतन' करून गेला. आता ती जतन झालेली गाणी त्याची कंपनी विकत होती.

गाणं साधं. गंगेची ओटी भरताना प्रत्येकीनं शेवटच्या ओळीत नवऱ्याचं नाव घालायचं: 'दिनानाथांना, गंगे, सुखरूप आण घरात.' नवरा गेला की नावाच्या जागी नुसती टाळी. कालिंदीबाईंचे दिनानाथ माघात गेले. तेव्हापासून कालिंदीबाई टाळी वाजवत होत्या आणि बोटींवरचे भोंगे त्यांच्याच आवाजात नाव घेत होते.

"काकू, वकिलांना विचारलं. ते म्हणतात, दिनानाथ म्हणजे देव. भक्तिगीतच झालं."

"देव जन्मभर मुगलसराय स्टेशनात तिकिटं तपासत होता का?"

"आणि गाणं पारंपरिक. म्हणजे कोणाचंच नाही."

"मग तुमचं कसं झालं?"

"आमचं फक्त रेकॉर्डिंग. हक्क सांगायला कायद्याला कर्ता लागतो, काकू."

"कर्ता गेला, म्हणूनच तर सांगतेय."

कुणालनं पोळीचा तुकडा मोडला. "पण तुम्हीच म्हणाला होतात, वापरा."

"वापरायला दिलेलं पातेलं घासून परत आणतात, बाबा."

"आई, छोडिए ना," सून देवश्री दारातून म्हणाली. "ऐसे ही चलता है. बाबांचं नाव तर राहतंय ना दुनियेत?"

"दुनियेत राहू दे गं. पण मी रोज भोंग्यावरून 'घरात आण' म्हणतेय. गंगा आणणार आहे का?"

कुणालनं आणखी एक पोळी घेतली आणि "वर कळवतो" म्हणाला. वर म्हणजे पुण्याला.

कार्तिकात साताऱ्याहून यात्रेला आलेली मंडळी कालिंदीबाईंकडे जेवायला थांबली. त्यांच्या नव्या सुनेला घेऊन सगळ्या बायका घाटावर गेल्या. पोरीनं लाजत 'प्रसन्नांना' म्हटलं, तेव्हा पायऱ्यांवर हशा पिकला. मग सगळ्यांनी आग्रह केला, "आता तुम्ही म्हणा, काकू."

कालिंदीबाई म्हणू लागल्या. शेवटची ओळ आली. त्यांनी टाळीसाठी हात उचलले, तेवढ्यात समोरून पर्यटकांची मोटारबोट गेली. काशीत तिलाही नावच म्हणतात. भोंग्यातून नेमकं आलं, "दिनानाथांना..."

"अगंबाई! अगदी तुमच्यासारखा आवाज!" त्या पोरीची सासू कौतुकानं म्हणाली.

कालिंदीबाईंचे हात तसेच राहिले. टाळी वाजलीच नाही.

नाव मणिकर्णिकेकडे गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. नाव मात्र बराच वेळ ऐकू येत होतं.