पेन्सिलीखाली उगवलेला आठ

अगं ए नवी, स्वतःच्या टोकाचं कौतुक नंतर कर, आधी नुसतं ऐक! आणि मित्रांनो, डब्यातले सगळे तुम्हीही ऐका, पक्कड आणि टेस्टरसुद्धा. मी एक जुनी पेन्सिल आहे. जुनी म्हणजे अडीच महिन्यांची. पण आपल्यात वय उंचीवरून मोजतात, आणि मी आता अंगठ्याएवढी उरलेय.

मी सहा बी. एकदम मऊ, काळीभोर, चित्रकारांची. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात उभी होते तेव्हा वाटायचं, आपल्याला एखादी चित्रकलेची पोरगी नेणार, मग आपण ढग काढणार, मांजरी काढणार. आणि नेलं कोणी? हिंदुरावांनी! नारायण पेठेतले जुन्या मोटरसायकलींचे मिस्त्री. दुकानदार म्हणाला, "नातवाला का?" हे म्हणाले, "नाही, इंजिनाला." आणि मला खिशात टाकून चालू पडले.

पहिले दोन दिवस मी नुसती रडले. मग त्यांनी मला कामाला लावलं आणि... काय सांगू तुला! जुन्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर दोन नंबर तपासावे लागतात, एक इंजिनावरचा, एक सांगाड्यावरचा. लोक पटकन मोबाईल काढतात. हिंदुराव म्हणतात, "फोटोत रंग दिसतो. मला लोखंड बघायचंय." ते नंबरावर पातळ कागद ठेवतात, डाव्या अंगठ्याने धरतात, मला आडवी करतात आणि नुसतं गोंजारतात. अजिबात दाबत नाहीत. मग त्या काळ्या छायेतून एकेक पांढरा आकडा वर येतो! पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यात कोणीतरी ठोकलेला आकडा, माझ्या पोटाखाली. मांजरींचं नाव पुन्हा काढलं नाही मी.

तर गेल्या मंगळवारी धानोरीचे रंगनाथ आले, विश्रांतवाडीच्या पुढून. एकाहत्तर सालची काळी मोटरसायकल, टाकीवर सोनेरी रेघ, अजून एका किकमध्ये सुरू! मागे त्यांच्या बायको यमुनाबाई, एका बाजूला पाय सोडून, अगदी ताठ. मुलगा विश्वजीत, आयटीतला, गळ्यात कंपनीचा पट्टा, तो कारने आधीच येऊन थांबलेला. दुसऱ्या दिवशी सरकारी तपासणी होती. नंबर गाडीच्या नोंदणी पुस्तकाशी जुळले नाहीत, तर गाडी रस्त्यावरून कायमची बाद. आतापर्यंत एजंट कागद करून द्यायचा, गाडीच्या मानेत कोणी वाकून बघितलंच नव्हतं. आणि त्या गाडीवरून गावातल्या किती बाळंतिणी दवाखान्यात गेल्यात म्हणून सांगू! विश्वजीतच्या वेळी यमुनाबाईसुद्धा.

आधी इंजिन. चार, एक, सात, आठ, दोन. पुस्तकातही तेच, आणि या जुन्या गाडीत सांगाड्यावरही हाच नंबर हवा.

"मंग! म्या काय सांगत व्हतो?" रंगनाथ खूश.

मग सांगाडा. हँडलखाली मान असते ना, तिथे. हिंदुरावांनी रॉकेलच्या फडक्याने पुसलं. फडक्याला जरासा लाल डाग लागला, त्याकडे कोणी बघितलं नाही. मी निघाले. चार, एक, सात... तीन!

पुन्हा नवा कागद. पुन्हा तीन.

"सांगाडा कधी बदललाय का, रंगनाथराव?"

"घेतली तवापास्नं माझ्या दारात हाय. सांगाडा काय, साधा आरसा बदलला न्हाई." "मंग काय, माझी गाडी चोरीची ठरनार?"

मित्रांनो, तो एवढा धिप्पाड माणूस, टाकीवरची सोनेरी रेघ अंगठ्याने पुन्हा पुन्हा पुसत उभा.

विश्वजीत म्हणाला, "बाबा, रिलॅक्स. आकडे इंग्रजी आहेत ना? नवा कागद घ्यायचा, तीनच्या डावीकडे दोन कर्व्ह पांढरे सोडून घासायचं, की झाला आठ. पेन्सिल समोरच आहे. एवढं कोण चेक करतंय?"

"ऑफिसातही आपण असंच करता का?" हिंदुराव म्हणाले. "बरं झालं, मी कॉम्प्युटर वापरत नाही." आणि उजेडासाठी बॅटरी आणायला आत गेले.

तेवढ्यात त्याने मला उचललं! नवा कागद लावून त्या तीनच्या डाव्या अंगाला टेकवलं, आणि दाबलं. कट! माझं टोक मोडून पार गाडीखाली.

"ठेव ती खाली," यमुनाबाई म्हणाल्या. "लई शानपना आलाय." आणि स्वतः वाकल्या. त्या मानेवरून त्यांनी अनामिका फिरवली, अगदी सवयीने, न बघता. मग एकदम थांबल्या. "अवो मिस्त्री, हितंच तर मी दर दसऱ्याला कुंकू लावते. तेलात कालवून."

हिंदुराव बाहेर आले. "वरचं पुसलं मी, वहिनी. आणि रंगाच्या आत कसं राहील? रंगारी आधी घासतो."

"घासू दिलं तर ना! गाडी रंगवून पंचवीस वर्सं झाली. म्या त्याला बजावलं, कुंकू पुसायचं न्हाई. वरनं मार काय मारायचा त्यो रंग."

हिंदुराव म्हणाले, "म्हणजे रंगाखाली पंचवीस वर्षांचं सौभाग्य बसलंय." आणि हसले नाहीत, बरं का. विचारलं, "काढू का?"

यमुनाबाईंनी नवऱ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. "ह्ये धडधाकट हुबे हायत की. काढा. दसऱ्याला नवं लावीन, पर नंबर सोडून."

काय हात आहे गं त्या माणसाचा! पत्रा नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही. रंग मऊ केला, जुन्या दातांच्या ब्रशने हलकेच उचलला, आणि आकड्याच्या खाचेतलं ते विटेसारखं घट्ट कुंकू काडीपेटीच्या काडीने, कणाकणाने. तासभर लागला. मग मला टोक केलं. कागद, अंगठा, मी. चार. एक. सात. आणि तीनच्या डाव्या बाजूला दोन पांढरी वळणं अशी हळूच उगवली, जशी काही इतकी वर्षं श्वास धरून बसली होती. आठ!

रंगनाथांनी तोंड फिरवलं. विश्वजीतने गुपचूप फोन काढून कागदाचा फोटो घेतला. हिंदुराव म्हणाले, "घ्या, घ्या. आता खरा येईल." बुधवारी गाडी पास होऊन आली, मागे यमुनाबाई तशाच ताठ.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या गाडीवर जीव असेल तर तिला पुजा, पण तिचा नंबर वाचता येईल एवढी मोकळीही ठेवा.

आणि ते टोक? मी मुद्दाम मोडलं की आपसूक मोडलं, खरंच माहीत नाही. तेव्हा कुंकवाचं कोणालाच ठाऊक नव्हतं गं. समोर सोनेरी रेघेवर रंगनाथांचा तो अंगठा. दोन वळणं काढली असती, तर गाडी वाचली असती. आणि गंमत बघ, ती वळणं खरीच निघाली असती! तरी माझ्याकडून झालं नाही. आता मी काही फार दिवस पुरत नाही, उद्यापासून तुझी पाळी. सांग ना, त्या मुठीत तू असतीस, तर काय केलं असतंस?