शनिवारची पन्नास मिनिटं

गाडीत मागे, लहान मुलांच्या सीटमध्ये बसवलेल्या नातीच्या, चिमणीच्या डोक्यावर आजीने दोन बोटं आडवी ठेवली. एक बोट सीटच्या कडेखाली राहिलं आणि दुसरं कडेच्या वर निघालं.

"मावतात का हो दोन?" सुनेने पुढून विचारलं. चष्म्याच्या दुकानातलं ओळखपत्र अजून तिच्या गळ्यातच होतं. ते काढून पर्समध्ये कोंबताना तिने मान वळवली नाही.

"मावतात की," आजी म्हणाली आणि हात शालीत घेतला.

"दोन महिने झाले, दोनच्या दोनच. हिची वाढ खुंटली की काय?"

"मुलं टप्प्याटप्प्याने वाढतात गं. सध्या पायांत वाढत असेल."

आजीने तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले होते. दारातून आत येणाऱ्या पोराची उंची ती टेप न लावता सांगायची, आणि वर पुढच्या जूनपर्यंत किती दुमड सोडावी लागेल तेही. आजींनी माप घेतलं की वर्षभर बघायला नको, असं शाळेतल्या बाई म्हणायच्या. त्यामुळे आजीने 'मावतात' म्हटल्यावर सुनेने कधी मागे वाकून पाहिलं नाही. तो भरवसाच आजीला हल्ली जड व्हायला लागला होता.

"पट्टा बघितलात?"

"बघते."

हे काम मात्र ती डोळ्यांत तेल घालून करी. आधी चिमणीचा कोट काढायचा. मग खांद्यावरचे दोन्ही पट्टे सरळ करायचे, कुठे पीळ राहता कामा नये. छातीवरची चाप काखेच्या रेषेत आणायची. पट्टा ओढून झाला की खांद्याशी तो चिमटीत धरून पाहायचा. चिमटीत चुणी आली तर तो सैल आहे. चिमणीच्या बाबतीत तशी चुणी कधी आली नव्हती. शेवटी कोट उलटा करून, बाह्या पुढून घालून, पांघरुणासारखा पसरायचा. पहिल्या दिवशी सुनेने सांगितलं होतं, "आई, जाड कोटावर पट्टा घट्ट वाटतो, पण आत सगळी हवाच असते." दुसऱ्या कुणाला ते पटवायला वेळ लागला असता. आजीला लगेच कळलं. अस्तराची लबाडी तिने उभ्या जन्मात पाहिली होती.

गाडी गल्लीतून बाहेर पडली.

सीट मागे तोंड करून लावलेली असल्यामुळे चिमणीची पाठ रस्त्याकडे आणि तोंड मागच्या काचेकडे होतं. तिच्या शेजारी बसून आजी जरा तिरकी झाली, की ते तोंड अगदी समोर यायचं. गाडी चालवणाऱ्या आईला ते दिसायचं नाही. पन्नास मिनिटं ते एकट्या आजीचं होतं. नाकाचं टोक आजीच्या मुलासारखं, हनुवटी आईची. डाव्या भुवईत एक केस उलटा उगवलेला. सहा दिवस पुरेल एवढं ती बघून घ्यायची, आणि ते पाच दिवससुद्धा पुरायचं नाही.

मुलगा दीड वर्षापूर्वी निघून गेला होता. दूरच्या शहरात त्याने दुसरा संसार थाटला. कागदोपत्री सून आता सून उरली नव्हती, पण 'आई' म्हणायचं तिने सोडलं नव्हतं. ती दुकानाजवळ दोन खोल्या घेऊन राहायला गेली. शनिवारी अर्धा दिवस काम करून ती चिमणीला पाळणाघरातून उचलायची आणि थेट माहेरी जायची, ती रविवारी संध्याकाळी परत. आजीची गल्ली त्या वाटेवर होती. पहिल्याच महिन्यात एका शनिवारी तिने दारात गाडी थांबवली आणि खाली न उतरताच म्हणाली, "आई, ही मागे तोंड करून एकटी बसत नाही. रडून जीव नकोसा करते. शेजारी बसायला याल का?"

आजी तेव्हा गाडीच्या टपावरही बसली असती.

तेव्हापासून हा नेम चालू होता. सुनेच्या माहेराच्या अलीकडे एक बसस्टॉप होता, तिथे आजी उतरायची आणि दोन बस बदलून घरी यायची. पुढे जायचं तिने कधी मनात आणलं नाही. ज्या घरात आपला मुलगा जावई म्हणून मान घेऊन बसला, त्या घराची पायरी आता कोणत्या तोंडाने चढायची? सुनेनेही कधी आग्रह केला नव्हता.

"आजी," चिमणी म्हणाली, "तुझं घर गाडीतच आहे ना?"

"हो तर. आणि तू माझी शेजारीण."

"मग तू झोपतेस कुठे?"

"इथेच. तुझे बूट उशाला घेऊन."

चिमणीने विचार केला. "त्यांना वास येतो."

पुढे सून हसली. तिचं हसणं आजीला आरशाच्या एका कोपऱ्यात दिसलं आणि लगेच दिसेनासं झालं.

सीटसोबत आलेल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं. डोकं आणि सीटची वरची कड यांत दोन बोटांचं अंतर राहिलं नाही, की ही सीट मागे तोंड करून वापरायची नाही, ती वळवायची. सुनेने ते आजीला वाचून दाखवलं होतं. आणि वर म्हणाली होती, "एकदा पुढे तोंड केलं की हिला रस्ता दिसेल, मी दिसेन. मग तुमची या धावपळीतून सुटका."

सुटका हा शब्द आजीच्या मनात टाचणीसारखा राहून गेला होता. त्यानंतरच्या आठव्या शनिवारी बोट पहिल्यांदा कडेच्या वर निघालं, आणि तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, मावतात. एकदाच, असं तिने देवाला सांगितलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच सांगितलं. रोज सकाळी हात जोडताना तिला वाटायचं की तो आपल्या बोटांकडेच बघतोय.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर एक कुत्रा आडवा आला. पुढच्या गाडीने ब्रेक मारला आणि पाठोपाठ सुनेनेही. आजीच्या छातीला पट्टा काचला. चिमणीची पाठ सीटमध्ये दाबली गेली, अंग वर सरकलं, आणि एक क्षण तिचे सगळे केस, भांगासकट, सीटच्या कडेच्या वर आले. त्या कडेच्या वर तिला धरायला काहीही नव्हतं.

मग ती जागेवर आली आणि खिदळली.

"परत कर, आई! परत!"

"वेडी की काय गं," सून म्हणाली. "आई, ठीक आहात ना?"

आजीचा हात चिमणीच्या डोक्यावर होता.

"आई?"

"गाडी बाजूला घे."

"लागलं का कुठे?"

"आधी बाजूला घे."

सुनेने गाडी पेट्रोलपंपाच्या कडेला, हवा भरायच्या जागेपाशी उभी केली आणि मागे वळून पाहिलं.

"दोन बोटं मावत नाहीत," आजी म्हणाली.

"आत्ताच तर म्हणालात—"

"आत्ताचं नाही. दोन महिने झाले. एकच मावतं."

सून खाली उतरली. मागचं दार उघडून वाकली आणि स्वतःची बोटं लेकीच्या डोक्यावर ठेवली. एकदा ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"तुम्हाला माप कळलं नाही, असं मला सांगू नका."

"नाही सांगत."

"मी दुसऱ्या कुणावर सोडलं नसतं हे. आईंचा हात आहे, म्हणून बिनधास्त होते मी." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "जोरात आदळलो असतो तर?"

"माहीत आहे मला."

"मग का?"

आजी चिमणीचा कोट मांडीवर घेऊन त्याच्या बाह्या दुमडत होती. दुमडलेल्या बाह्या तिने उलगडल्या आणि पुन्हा दुमडल्या.

"ती पुढे तोंड करून बसली की..." एवढं म्हणून ती थांबली.

सुनेने पुढच्या खणातून पुस्तिका काढली. "उतरा," ती म्हणाली. "वळवू या."

हवा भरणारा माणूस नळी घेऊन आला. "ताई, चारी चाकं बघू का?"

"चाकं नकोत दादा, पंधरा मिनिटं जागा द्या."

"घ्या की. जागेला काय, ती कुठे पळून जाते."

चिमणीला कठड्यावर बसवलं. तिथून तिने बुटाने ताल धरला आणि देखरेख सुरू केली. सुनेने सीट सोडवून बाहेर घेतली, वळवली आणि तिचा कल बदलला. खांद्याचे पट्टे वरच्या भोकांत न्यायचे होते, कारण पुढे तोंड असलं की ते खांद्याच्या वरून यायला हवेत. तिथे सुनेची बोटं अडली. आजीने पट्टा तिच्या हातातून घेतला, सुईत दोरा ओवावा तसा मागून पुढे ओवला, आणि त्यात पीळ नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहिलं. सुनेने सीटमध्ये गुडघा रोवून गाडीचा पट्टा खेचला. पाठीमागचा वरचा पट्टा हुकात अडकवला. सीट धरून हलवली. ती जागची हलली नाही.

या साऱ्यात दोघी एकमेकींशी पाच-सहा शब्दच बोलल्या. धरा. सोड. अजून थोडं. बास.

चिमणीला बसवलं, पट्टे आवळले. आजीने खांद्याशी चिमटी घेऊन पाहिली. मग तिने आपली पिशवी उचलली.

"मी इथूनच जाते. बस मिळेल मला. आता काही ती रडायची नाही."

"मी कुठे रडते?" चिमणी वरच्या सुरात म्हणाली. तिचा अपमान झाला होता. "मी नाहीच रडत. पाळणाघरात जाताना गाणं म्हणते मी. येताना आईला सिग्नल सांगते. आणि रविवारी झोपते."

चापेवरचा सुनेचा हात थांबला. मग घट्ट असलेला पट्टा तिने उगीचच पुन्हा ओढला.

आजी पिशवी धरून उभी राहिली. आठवड्याचे पाच दिवस पाळणाघराला जाणं आणि येणं. रविवारी परतीचा पुन्हा हाच रस्ता. तेव्हा हिच्या शेजारी कोण बसत होतं? दीड वर्षात हा साधा हिशेब तिच्या डोक्यात आला नव्हता, की तिनेच तो येऊ दिला नव्हता?

"कधीपासून रडत नाही?" तिने विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून." सून चिमणीच्या कोटाची कॉलर सारखी करत होती. "मी काय म्हणायला हवं होतं, आई? नुसतं 'या' म्हटलं असतं, तर आला असतात?"

आजीला उत्तर माहीत होतं. आली नसती. दार अर्धं उघडून, घरात काम आहे म्हणाली असती.

"माझा राग गेलेला नाही," सून म्हणाली. "हे असं पुन्हा चालणार नाही."

"नाही होणार."

"मग बसा आता. पुढे बसा, मागे बसा, तुमचं तुम्ही ठरवा. मला उशीर होतोय."

आजी मागेच बसली, पण आता तिला चिमणीचं तोंड तसं दिसत नव्हतं. दोघींची तोंडं एकाच दिशेला होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून एक गाल दिसायचा, आणि सिग्नल आला की समोर ताणलेलं एक बोट. उलट्या केसाची ती भुवई पलीकडच्या बाजूला गेली होती. आजीने एकदा वाकून पाहायचा प्रयत्न केला, पण पट्ट्याने तिला जागेवर ठेवलं.

बसस्टॉप जवळ आला तशी सुनेने गाडी हळू केली. डाव्या बाजूचा दिवा टिकटिक करू लागला. आजीने पिशवी मांडीवर घेतली. अंगठा पट्ट्याच्या लाल बटणावर ठेवला, आणि तसाच राहू दिला.

"तुझ्या आईच्या गुडघ्यांचं काय गं?" तिने विचारलं. "अजून दुखतात?"

सुनेने आरशात पाहिलं.

"दुखतात."

"जिना चढताना, की बसताना?"

"ते," सून म्हणाली, "तुम्हीच विचारा तिला." आणि तिने दिवा बंद केला.

"आजी!" चिमणी बोट दाखवत ओरडली. "आजी, तुझा स्टॉप गेला!"