इमानाच्या माळावरचे चाक

मी एक जुने चाक आहे. थांबा, लगेच बैलगाडी डोळ्यांसमोर आणू नका. टांगाही नाही आणि सायकलही नाही. मित्रांनो, मी चक्क विमानाचे चाक आहे! जुन्या विमानांच्या शेपटीखाली एक लहानसे चाक असायचे, ते मी. लहान म्हणून हसू नका. विमान धावपट्टीवर पळू लागले की आधी शेपटी उचलली जायची. पुढची दोन मोठी चाके अजून धूळ खात धावत असायची आणि मी केव्हाच हवेत! ऐंशी वर्षे झाली, तरी ते आठवले की माझ्या आसाला गुदगुल्या होतात.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या धातूचा रस साच्यात ओतला, थंड केला, घासला, त्यावर रबर चढवले आणि मी तयार झाले. तो दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. पेटीत भरून, बोटीत बसवून मला हिंदुस्थानात पाठवले आणि एका पिवळ्या विमानाला जोडले. ते लढाऊ विमान नव्हते. शिकाऊ वैमानिकांच्या सरावाचे ते दोन माणसांचे विमान होते. आम्ही लोहगावच्या मैदानावरून उडायचो. शिकाऊ पोरे विमान उतरवत कसली, आपटतच होती, आणि त्यातले निम्मे आपटणे माझ्या वाट्याला यायचे. तरीही मी खूश होते. खालून मुळा-मुठेचा संगम दिसायचा, पर्वती दिसायची. पुण्याला एवढ्या उंचावरून पाहिलेले दुसरे चाक तेव्हा क्वचितच असेल.

एके दिवशी मुठेवर असतानाच इंजिन खोकू लागले. वैमानिक कोवळा होता, पण डोके ठिकाणावर ठेवून त्याने मोकळा माळ शोधला. आजचे कर्वेनगर आहे ना, तिथे तेव्हा शेते आणि माळ होते. आम्ही धाडकन उतरलो. मोठी चाके सुखरूप राहिली, मी मात्र एका धोंड्यावर आदळले आणि माझ्या कडेला तडा गेला.

शेजारच्या शेतातून उत्तरेश्वर नावाचा तरुण शेतकरी धावत आला. वैमानिकाला साधे खरचटलेही नव्हते. त्याने हातवारे करून सांगितले, "मी माणसे घेऊन येतो, तोवर याला सांभाळ." आणि तो पुण्याच्या दिशेने चालू लागला. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या विमानाला कुणापासून सांभाळायचे? सांगते. त्या विमानाचे पंख कापडाचे होते. ताणून बसवलेले कापड आणि त्यावर रोगण. त्या रोगणाचा वास गुराढोरांना फार आवडायचा. थोड्याच वेळात गावच्या शेळ्या जिभल्या चाटत हजर! उत्तरेश्वर काठी घेऊन माळावर ठाण मांडून बसला. भाकरी तिथेच खाल्ली, झोपही तिथेच काढली. एका शेळीने शेपटीचा कोपरा चाखला तेवढाच, बाकी विमानाचा धागासुद्धा गेला नाही.

मग वैमानिकासोबत लॉरीतून कारागीर आले. त्यांनी इंजिन दुरुस्त केले, मला पान्याने सोडवले आणि माझ्या जागी नवेकोरे चाक बसवले. एकाने टोकदार अवजाराने माझ्या आतल्या अंगावर विमानाचा क्रमांक कोरला आणि पुढे मोठी फुली मारली. फुली म्हणजे उडायला नालायक. गावकऱ्यांनी धोंडे उचलून माळ साफ करून दिला. पंखा घरघरला, धुरळा उडाला आणि माझे पिवळे विमान माझ्याशिवाय आकाशात चढले. मी मातीत आडवे पडून पाहत राहिले. मला खूप वाईट वाटले.

उत्तरेश्वरने मला उचलून कारागिराला खुणेने विचारले, घेऊ का? तो हसून हो म्हणाला. पुढच्या वर्षी उत्तरेश्वरने भावांना हाताशी धरून विहीर खणली आणि माझे रबर काढून मला तिथे कप्पी म्हणून बसवले. पोहऱ्याचा दोर माझ्या खाचेत इतका चपखल बसला की मी तडा विसरले. आकाशातून पाताळात गेले खरे, पण फिरायला मिळाले. फिरायला मिळाले की चाकाला आणखी काय हवे?

गावच्या बोलीत विमानाला 'इमान' म्हणत. म्हणून त्या माळाला नाव पडले इमानाचा माळ. आणि उत्तरेश्वर म्हातारपणापर्यंत छाती फुगवून सांगायचा, "म्या इमान राखलं."

पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आधी गोष्ट होती, विमान उतरले. मग झाले, विमान पडले. पुढच्या पिढीत ते म्हणे कुणीतरी गोफणीने पाडले. आणि शेवटी त्यात सोने आले. उत्तरेश्वरने एवढी विहीर बांधली ती कशावर, साहेबाच्या सोन्यावरच ना? मी विहिरीवर फिरत हे सगळे ऐकायचे आणि संतापाने कुरकुरायचे. लोक म्हणायचे, कप्पीला तेल घाला.

मग शहर चालत माळापर्यंत आले. विहीर बुजली आणि माळावर इमारती उभ्या राहिल्या. नव्या रहिवाशांनी जुन्या कागदावरचे 'इमानाचा माळ' हे नाव वाचले आणि अर्थ लावला, इमान म्हणजे प्रामाणिकपणा. त्यावरून सोसायटीचे नाव ठेवले 'सत्यवचन'. उत्तरेश्वरची सून सोजरबाई जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये राहायला आली. तिने मला सोबत आणले आणि गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली ठेवले. फिरणे संपले होते, पण रोज सकाळी पाणी मिळायचे आणि सोजरबाईच्या गप्पा ऐकायला मिळायच्या.

यंदा सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. सेक्रेटरी इंद्रजीतराव जुन्या वस्तू गोळा करत आमच्याकडे आले. सोजरबाईने मोठ्या अभिमानाने मला त्यांच्या हाती दिले. म्हणाली, "इमानाचं चाक हाय. आमचं मामंजी सांगायचं, म्या इमान राखलं." इंद्रजीतरावांनी ते वाक्य लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतले.

आणि मित्रांनो, माझे काय केले असेल? मला सोनेरी रंग फासला! फाटकाजवळ चौथरा बांधून मला त्यावर बसवले. मागे लावायच्या पाटीचा मजकूर सूचना फलकावर झळकला. 'सोन्याचे हरवलेले विमान' असे त्याचे शीर्षक होते. खाली सोन्याची अख्खी कहाणी आणि शेवटी, 'उत्तरेश्वर मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिले, मी इमान राखले. म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणे.'

नातसुनेने तो मजकूर वाचून दाखवला तेव्हा सोजरबाई काठी टेकत खाली आली. "अवो, आमच्या मामंजींना चोर म्हंता?"

"आजी, तसं थेट नाही म्हटलेलं," इंद्रजीतराव म्हणाले. "दंतकथा आहे, रंगतदार आहे. आणि ते वाक्य तर तुम्हीच सांगितलंत ना?"

ती काठी टेकत तशीच वर निघून गेली. त्या दिवसापासून तिने खाली येणे सोडले. संध्याकाळी बाकावर तिची जागा रिकामी दिसायची. एक मे रोजी पाटीचे अनावरण होते. तो दिवस जवळ येत होता आणि ऐंशी वर्षांच्या माणुसकीवर चोरीचा शिक्का बसणार होता. सर्वांत मोठे दुःख हे की त्या खोट्याचा पुरावा म्हणून मलाच मांडले होते. खरे काय ते मला ठाऊक होते, पण चाकाला तोंड कुठे असते?

मग एका रविवारी फाटकाशी दोघे येऊन उभे राहिले आणि माझे नशीब फिरले! एक होती दीपमाला. कोथरूडला राहायची, आयटीत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी हरवलेली जुनी विमाने शोधायची. दुसरे अनिरुद्धकाका, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पुण्याजवळ उतरून पुढे नोंदच न सापडलेले एक सरावाचे विमान त्यांच्या यादीत होते. त्याचा पत्ता ते कित्येक दिवस हुडकत होते. कुणीतरी पाठवलेल्या माझ्या सोनेरी फोटोने त्यांना इथवर आणले.

अनिरुद्धकाकांनी फलकावरचा मजकूर नाकावर चष्मा चढवून वाचला. मग माझी रुंदी मोजली. "हे सरावाच्या विमानाचं चाक. आत दोन माणसं जेमतेम मावायची. सोनं कुठे ठेवलं होतं हो, खिशात?"

"अहो, पण लोकांना गोष्ट आवडते," इंद्रजीतराव म्हणाले.

"मग खाली 'गोष्ट' असं लिहा. आमची ना नाही."

मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या! काकांनी परवानगी घेऊन टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने माझा सोनेरी रंग हळूहळू पुसायला घेतला. त्याखालचे वंगण निघाले, विहिरीचा गाळ निघाला. मी श्वास रोखून धरला होता. आणि आतल्या अंगावर तो क्रमांक उजळला, त्यापुढची फुलीही! दीपमालाने फोटो काढले. काका म्हणाले, "बोल्टची भोकं बघ, कशी शाबूत आहेत. हे कुणी ओरबाडून काढलेलं नाही. ज्याचं काम त्यानंच पाना लावून सोडवलंय."

पण एकट्या चाकावरून विमानाचे काय झाले हे कसे कळणार? म्हणून दोघे सोजरबाईकडे गेले आणि दीपमालाने मला पिशवीत घालून सोबत नेले. इंद्रजीतरावही मागोमाग आले. सोजरबाई आधी बोलायलाच तयार नव्हती. "एकदा बोलले, त्याची पाटी झाली. आता न्हाई बोलायची."

दीपमाला जमिनीवर तिच्याजवळ बसली. "आजी, मी अर्थ लावणार नाही. ते जसं सांगायचे, अगदी त्यांच्या शब्दांत सांगा."

सोजरबाईने माझ्यावरून हात फिरवला. रंग गेलेला पाहून तिला बरे वाटले असावे. "सांगायचं की, म्या माळावर बसून इमान राखलं, न्हाईतर शेळ्यांनी पंख खाल्लं असतं."

वहीत लिहून घेणाऱ्या दीपमालाची बोटे थबकली. "पंख? इमानाला पंख?"

"मग काय, बिनपंखाचं उडतंय व्हय?"

अनिरुद्धकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. दीपमाला मात्र हसली नाही. तिने इंद्रजीतरावांकडे पाहिले. "इंद्रजीतराव, इमान म्हणजे विमान. ते आपल्या सचोटीचं तुणतुणं वाजवत नव्हते. त्यांनी विमानाची राखण केली, एवढंच सांगत होते. आणि पंख कापडाचे होते हे विमानाजवळ बसलेल्यालाच माहीत असणार."

इंद्रजीतरावांचा चेहरा पडला. ते वाईट नव्हते हो. त्यांना गोष्ट आवडली आणि खरे-खोटे विचारायचे राहून गेले.

तरी दीपमाला तेवढ्यावर थांबली नाही. "आपल्याला आवडलं म्हणून खरं, असं चालत नाही," ती म्हणाली. तिने क्रमांक घेऊन जुन्या नोंदी धुंडाळल्या, परदेशातल्या अभ्यासकांना विचारले. अनावरणाच्या आदल्या दिवशी ती धापा टाकत जिना चढून आली, लिफ्टची वाटही न पाहता. "आजी, तुमचं विमान सापडलं! त्या उतरण्यानंतर वर्षभर ते सरावाला उडत होतं. युद्ध संपल्यावर म्हातारं होऊन मोडीत निघालं. ते हरवलेलंच नव्हतं!"

मित्रांनो, माझे पिवळे विमान सुखरूप परतले होते! माझ्या जागी बसलेले ते नवेकोरे चाकही नीट फिरले होते. इतकी वर्षे मला ही काळजी होती, ती त्या दिवशी मिटली.

इंद्रजीतराव नव्या पाटीचा मजकूर घेऊन आले. आधी त्यांनी सोजरबाईला हात जोडले. मग वाचू लागले, "इथे उत्तरेश्वर यांनी विमान राखले." आणि थांबून म्हणाले, "आजी, शब्द शुद्ध केलाय. विमान."

सोजरबाई म्हणाली, "इमानच लिव्हा. त्यांनी दोनी राखलं."

एक मेच्या सकाळी पाटी लागली. तिच्यावर इमान हाच शब्द आहे. सोजरबाई नवे लुगडे नेसून खाली आली आणि बाकावरच्या आपल्या जागेवर बसली.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल आणि तिची गोष्ट सांगणारे एखादे म्हातारे माणूस असेल. वस्तूला रंग फासण्याआधी ती हलक्या हाताने पुसून पाहा, आणि गोष्ट पुढे सांगण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, म्हणजे काय हो आजी? अनिरुद्धकाकांनी मला चौथऱ्यावर नव्या आसात बसवले आहे. तड्यासकट, फुलीसकट, बिनरंगाचे. कधी आलात तर बोटाने जरा ढकला. मी अजून फिरते.