उतरता खांदा

छातीचं माप घेऊन अंबादासने टेप स्वतःच्या गळ्यात टाकली आणि वही घेऊन बसलेल्या उपेंद्रला सांगितलं,

"लेफ्ट शोल्डर, आधा इंच डाउन."

आरशातलं गिऱ्हाईक हललं नाही.

"वहाँ टेप तो लगाया नहीं, मास्टर."

अंबादासने गळ्यातली टेप पुन्हा हातात घेतली. अहमद म्हणून नाव लिहिलेल्या या दाढीवाल्याचा चेहरा त्याच्या लक्षात आला नव्हता. बोटांनी मात्र खांदा ओळखला होता.

मागल्या वर्षी कुवेत इराकी फौजेच्या ताब्यात होतं, तेव्हा फौजेला जाऊन मिळालेल्या स्थानिकांचं एक पथक उभं राहिलं. त्याचे छत्तीस गणवेश अंबादासने शिवले. पहिलं माप पथकप्रमुखाचं, याच खांद्याचं. तेव्हा त्याला दाढी नव्हती आणि नावही वेगळं होतं. फौज हटल्यावर आता तिकडे फितुरांच्या याद्या निघत होत्या. याद्या गणवेश घालणाऱ्यांवर थांबतील की शिवणाऱ्यांपर्यंत येतील, कोण सांगणार? अंबादास आता कुवेतबाहेर होता, पण अल मनखूलच्या या दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं कुवेती. नुसती कुजबुज झाली तरी नोकरी गेली, व्हिसा गेला.

"हमारा मास्टर आँख से नापता है, साहब," मालक उपेंद्र हसला. "कुवेत का कारीगर है. बेचारा सात महिना घर में बंद था."

"घर में?" अहमदने आरशातून अंबादासकडे पाहिलं. "मैं भी घर में था."

उपेंद्रने वहीचं पान सरळ केलं.

"नापो," अहमद म्हणाला.

अंबादासने टेप लावली. डावा खांदा अर्धा इंच खाली होता, तेव्हा होता तसाच.

"दोनों बराबर," तो म्हणाला. उपेंद्रने आधीचं खोडून तसं लिहिलं.

पाचव्या दिवशी अहमदने कोट चढवला. कॉलर डावीकडे ओढली गेली, मानेपासून काखेपर्यंत तिरपी चुणी पडली. उपेंद्रने कपाळाला हात लावला.

"अहो मास्तर, हा काय कोट झाला? तीस वर्षं कात्री चालवताय की गवत कापताय?"

अंबादास खाली सांडलेल्या टाचण्या वेचत राहिला.

अहमद आरशापुढे बराच वेळ उभा होता. मग त्याने डावा खांदा हळूच वर उचलला. चुणी नाहीशी झाली.

"एकदम बराबर," तो म्हणाला. "खलास."

कोट अंगात ठेवूनच तो उन्हात बाहेर पडला. अंबादास काचेतून बघत राहिला. रस्ता ओलांडून दिसेनासा होईपर्यंत अहमदने खांदा खाली सोडला नाही.