दुपारी दोनची हाक

अकोल्यातल्या मे महिन्याला नावं ठेवून काही होत नाही, तयारीच करावी लागते. आमच्या नाल्याकाठच्या वस्तीत सगळी घरं टिनाची. गेल्या वर्षी उन्हानं दोन म्हातारी माणसं गेली, म्हणून यंदा मी वस्तीतल्या बायकांना कामाला लावलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी केली. रोज दुपारी दोनला प्रत्येकाच्या दारावर हाक मारायची, आतून ओ आली की वहीत ‘बरी’ लिहायचं, नाही आली तर दार ढकलायचं. आराखडा माझा, वही माझी आणि खरं सांगते, तोराही माझाच.

गोदाबाई माझ्या वाट्याला होती. वय बहात्तर, घरात एकटी. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी कोणी कोणाच्या घरात शिरत नाही. बायका पदर सैल करून फरशीवर पडलेल्या असतात. म्हणून मी बाहेरूनच विचारायची. आतून ठरलेलं उत्तर यायचं, “बरी हाओ, जाय तू.” की मी पुढच्या दारावर.

महिनाभराची वही इतकी चोख भरली की अमरावतीच्या एका बैठकीत ती दाखवायला मला बोलावलं. त्या दिवसापुरतं गोदाबाईचं दार मी शेजारच्या बिल्कीसकडे सोपवलं.

बिल्कीसला माझे नियम कधीच पटले नव्हते. तिनं हाक मारली, उत्तरही आलं, तरी विरजण मागायचं निमित्त करून ती सरळ आत गेली. गोदाबाई जमिनीवर पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि तोंडानं ‘बरी हाओ’ चालूच. बिल्कीसनं तिच्यावर माठ रिकामा केला, ओल्या चादरीत गुंडाळून ऑटोनं दवाखान्यात नेलं. अर्धा तास उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी मी पोचले तेव्हा तिला सलाईन लावलेलं होतं. तीन दिवसांपासून चक्कर येत होती म्हणे. त्यातले पहिले दोन दिवस माझ्या वहीत ‘बरी’ लिहिलेलं, माझ्याच हातानं. मला राग आला, आणि तोही आधी तिचाच. सांगितलं का नाहीस, असं मी चढ्या आवाजातच विचारलं.

गोदाबाईनं शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

“पोरी, तुह्या आवाजातच घाई रायत होती. मंग तुले काहून अडवू?”

बिल्कीस तिचे पाय चेपत बसली होती. मला इतकी लाज वाटली की समोरच्या स्टुलावर बसताही येईना.