दोन हात उंचावर

मी शिंकं बोलतंय. आढ्याला टांगलेली दोरीची जाळी, जाळीत गाडगं, गाडग्यात उरलेलं अन्न. मांजर आणि उंदरांपासून अन्न राखणं हे माझं काम, असं सगळे सांगतात. ज्या घरात मी आयुष्य काढलं तिथं मला एका माणसापासून अन्न राखायला टांगलं होतं. आणि त्याच माणसानं मला जन्म दिला होता.

तिचं नाव पंचफुला. कोंढा या बाजारगावाजवळच्या एका ओसरीवर, लग्नाआधीच्या हिवाळ्यात तिनं मला वळलं. अंबाडी बापाच्या बांधावरची, डबक्यात कुजवलेली, सोलून उन्हात वाळवलेली. मांडीवर पेड घासून घासून तिची मांडी लाल व्हायची. चार कोपऱ्यांना तिनं कवड्या ओवल्या.

"इतकी जाड कायले वळतेस वो?" तिची माय हसून म्हणाली. "हत्ती टांगतेस का?"

"तुटलं तं मायेरचं नाव निघन," पंचफुला म्हणाली आणि पेडाला आणखी एक पीळ दिला.

तो एक पीळ पुढं तिलाच महागात पडला.

रुखवतात माझं कौतुक झालं. तिच्या सासूनं, गोदावरीबाईनं, मला दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि "टिकन" एवढंच म्हटलं. गोदावरीबाई सिंदीच्या झाडासारखी उंच आणि सरळ. आपला हात जिथं पोचतो तिथं तिनं मला टांगलं. पंचफुला ठेंगणी. तिनं हात वर केला तर तिची बोटं आणि माझा तळ यांच्यात दोन हातांची पोकळी उरली.

"नवरीले शिडी लागते बापा!" सगळे हसले. पंचफुलाही हसली. नवी होती.

गाव नाल्यापलीकडं. गावात दुकान नव्हतं. मीठ, तेल, डाळ, रेशन, सगळं कोंढ्याहून यायचं, आणि आषाढात नाला भरला की येणं बंद. मग पोळा होईपर्यंत घरात असेल ते खायचं. चहूकडं हिरवंगार धान डोलायचं. डोळ्यांना मेजवानी, पोटाला दिवाळीनंतर. जे काही होतं ते कोठीत, आणि कोठीची किल्ली गोदावरीबाईच्या कमरेला. जेवायचा क्रम ठरलेला. आधी सासरा पुंडलिकराव, मग पंचफुलाचा नवरा कवडू, मग गोदावरीबाई. शेवटी पंचफुला भांड्यात हात घालायची तोवर भांडं माझ्याकडं वर आलेलं असायचं.

"राहू दे. सकाळी मानसाईले कामी येते."

बाईमाणूस त्या माणसांत मोजत नसत.

मोठ्यांचं ऐकावं म्हणतात. मी वर्षानुवर्षं टांगून ऐकलंय, म्हणून सांगतंय तर सांगू द्या: म्हातारी माणसं आपल्या उपासमारीला अनुभव म्हणतात आणि मग तो अनुभव दुसऱ्याच्या ताटात वाढतात. त्या पावसाळ्यात पंचफुलाला दिवस गेले होते, आणि गोदावरीबाईला सगळं ठाऊक होतं.

"पोटूशी बाईनं अर्धपोटी राहावं. जास्त खाल्लं का पोर फुगते, मंग अडते. मी पेजेवर सात बाळंतपणं काढली."

"सातातले जगले किती, आत्याबाई?" पंचफुलानं विचारलं.

जगले होते दोन. कवडू आणि त्याची बहीण. त्या दिवशी पंचफुलाच्या वाट्याची पेजही माझ्या गाडग्यात आली.

नाला भरण्याआधी नर्सबाई सायकल ढकलत येऊन गेल्या. त्यांनी सुकडीची, म्हणजे पोटुशींसाठीच्या सरकारी पौष्टिक पिठाची, पिशवी थेट पंचफुलाच्या हातात दिली. "रोज खायची. ही तुझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. समजलं का, आजी?"

"हो बाई. हो बाई." गोदावरीबाईनं हात जोडले. नर्सबाईची सायकल वळणाआड गेली आणि पिशवी माझ्या पोटात आली.

पोळ्याला जवाई आले. नाल्याच्या अलीकडच्याच टोलीवर, छोट्या वस्तीवर, राहायचे. घरात गोडधोड काही नव्हतं, म्हणून गोदावरीबाईनं सुकडी दुधात कालवली, वर गूळ किसला.

"वा! काय हाय हे?"

"सरकारी मिठाई हाय, जवाईबापू. घ्या, लाजू नका."

चुलीपुढं पंचफुला बसली होती. तिचं पोट पुढं आणि गाल आत. कवडूनं एकदा तिच्याकडं पाहिलं. "माय, तिलेही देय नं थोडी."

"तू बायकोचा हायेस का माहा?"

कवडूनं मान खाली घातली. मग त्यानं वाटी पुढं केली आणि आणखी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे बांधावर गेले. पंचफुला माझ्याखाली येऊन उभी राहिली. आधी टाचा उंच केल्या. मग पाट ठेवला, पाटावर चढली. पोटानं तोल जाईल, म्हणून पुन्हा उतरली. मी जीव तोडून तुटायला पाहत होतं. पण तिचाच पीळ, तिचीच अंबाडी. एकही पेड हलेना. शेवटी तिनं मुसळ घेतलं आणि खालून गाडग्याला ढोसलं. गाडगं कलंडलं. मूठभर सुकडी शेणानं सारवलेल्या जमिनीवर सांडली. ती गुडघ्यांवर बसली आणि बोटं ओली करकरून टिपू लागली. बोटांनी जमेना तेव्हा ओणवी होऊन जिभेनं.

दारात गोदावरीबाई उभी होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मांजरीसाठी टांगलं होतं," ती म्हणाली. "मांजर तं घरातच हाय."

तेव्हापासून घरात पंचफुलाला कोणी नावानं हाक मारली नाही. "ए मांजरे, पाणी आण." जवाईबापूंनाही ती गंमत फार आवडली.

बाळंतपण सोपं झालं. फारच सोपं. "पाह्य! पाह्य कशी सरसर सुटली!" गोदावरीबाई अंगणात येऊन सगळ्यांना सांगत होती. "माहा शब्द ऐकला म्हणून!" मुलगी झाली होती, काकडीएवढी. तिला रडायचंही बळ नव्हतं. पंचफुला तिला छातीशी धरायची, आणि छातीत काही नव्हतं. पाचवीची पूजा व्हायच्या आत कवडूनं तिला फडक्यात गुंडाळून बांधाकडं नेलं.

"पोट्टीच होती," गोदावरीबाई म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदाच सुनेला ताट भरून वाढलं. पुढच्या वेळी पोरगा हवा होता, त्याला ताकद लागणार होती. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वर तेलाची धार. पंचफुलानं एक शीतही न ठेवता सगळं खाल्लं. शेजारणी म्हणाल्या, काळीज आहे की दगड. तिला भूक लागली होती, बायांनो. भुकेला सुतक नसतं.

पुढं तिला दोन मुलगे झाले आणि ते जगले, कारण दोन्ही वेळा ती नाला भरायच्या आत माहेरी निघून गेली ती कडेवर पोर घेऊनच परतली.

वर्षं गेली. नाल्यावर पूल झाला. त्या दिवशी पुलावर मंडप होता, आणि लाउडस्पीकरवरून कोणीतरी सांगत होतं की आता या गावात कोणी उपाशी राहणार नाही. गावातल्या घनश्यामनं पुलाजवळ किराणा दुकान टाकलं. तूरडाळ, तेल, बिस्किटं, सगळं हाकेच्या अंतरावर आलं. पुंडलिकराव तोवर वारले होते. आणि पूल झाल्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात गोदावरीबाई विहिरीच्या पायरीवर घसरली. खुबा मोडला. तिचं अंथरूण चुलीजवळ, बरोबर माझ्याखाली पडलं.

पंचफुलानं स्वतःच्या हातानं तिच्या कमरेची किल्ली सोडली.

मला वाटलं, आता ही मला खाली घेणार. वर्षानुवर्षं टाचा उंच करणारी बाई, ती काय दुसऱ्याला वर बघायला लावील? पंचफुलानं सुताराला बोलावलं आणि स्वतःसाठी एक स्टूल करून घेतलं. मी होतं तिथंच राहिलं.

"पंचफुला," गोदावरीबाईनं हाक मारली. बारा वर्षांनी तिला सुनेचं नाव आठवलं होतं. "भूक लागली वो."

"पडल्या मानसानं अर्धपोटी राहावं, आत्याबाई. जास्त खाल्लं का अंथरूण भरते." पंचफुलाच्या आवाजात राग नव्हता. ती भाकरी थापत होती. "तुमी पेजेवर सात बाळंतपणं काढली. तुमाले काय सांगाव?"

कवडू जेवत होता. त्यानं ताट भिंतीकडं फिरवलं आणि जेवत राहिला.

गोदावरीबाई आटत गेली. दिवसभर उताणी पडून माझ्याकडं बघायची. ज्या हातानं तिनं मला टांगलं होतं तो हात छातीवरून उठेनासा झाला. माझीही अंबाडी धुरानं काळी पडली होती, उंदरांनी एक पेड कुरतडला होता. आणि धान रोवायच्या दिवसांत, घर रिकामं असताना, एका दुपारी मी तुटलं.

ज्या दिवशी तुटायला हवं होतं त्या दिवशी तुटलं नाही. तुटलं ते या म्हातारीसाठी.

गाडगं फुटलं. भात आणि वरण जमिनीवर पसरलं, म्हातारीच्या अंथरुणापासून दोन हातांवर. तिनं अंग ओढलं, किंचाळली, पुन्हा ओढलं. मांजर आलं आणि निवांत खाऊ लागलं. म्हातारीनं उशाची काठी घेतली आणि काठीच्या टोकानं थोडा भात आपल्याकडं ओढला. माती, खापऱ्यांचा चुरा, सगळ्यासकट तोंडात घातला.

दारात पंचफुला उभी होती. गुडघ्यांपर्यंत चिखल. म्हातारीच्या ओठांना लागलेली माती तिनं पाहिली. ती चव तिला ठाऊक होती, त्या घरात फक्त तिलाच. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मला खरंच वाटलं की आता ही वाकेल, आता म्हातारीच्या तोंडाला हात लावेल.

"मांजर तं घरातच हाय, आत्याबाई," ती म्हणाली.

तिनं जमीन पुसली. मग ओसरीवर बसून माझी दोन टोकं जवळ घेतली आणि एक घट्ट गाठ मारली. नवं गाडगं आणलं.

तुमच्या घरी शिंकं नसेल. कपाट असेल, किल्ली असेल, "आधी त्याईले वाढ" म्हणणारं एखादं तोंड असेल. पूल बांधा, दुकानं आणा, भाषणं करा. पण घरी गेल्यावर एकदा मान वर करून पाहा, आणि काही टांगलेलं दिसलं तर खाली घ्या. खाली घेता येत नसेल तर विळ्यानं कापून टाका. गाठ मात्र मारू नका. गाठ मारली की दोरी आखूड होते.

मी आता पूर्वीपेक्षा वीतभर उंच आहे. खाली म्हातारी आ करून बघते. आणि स्टुलावर चढूनही पंचफुलाला टाचा उंच कराव्या लागतात.