कार्बोरेटरातले पांढरे कण

ओरोझबायचं डोकं सकाळपासून चक्रावलं होतं. त्याची साइडकारवाली जुनी मोटारसायकल काल संध्याकाळपर्यंत घोड्यासारखी पळत होती, आणि आज चार वेळा फटफट करून गप्प. बारा वाजता फाट्यावर राजधानीला, बिश्केकला जाणारी बस येणार होती. ती चुकली की लेकीचं, मीरगुलचं मॉस्कोचं विमान चुकणार, आणि विमानाबरोबर इस्पितळातली नोकरीही हातची जाणार. एकुलती एक पोर तीन वर्षांसाठी निघालेली, आणि गावातल्या बाकीच्या गाड्या मेंढरांमागे वर कुरणात गेलेल्या.

त्यानं पडवीत सतरंजी टाकली आणि दोन्ही कार्बोरेटर उघडले. तळाच्या वाटीत पांढरे कण! असलं काही त्यानं तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पेट्रोलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यानं एकेक भाग धुतला. बारीक भोकं तो तारेनं कधी कोरायचा नाही, तारेनं भोक मोठं होतं. शेपटीचा एक केस घोडीकडून मागून घ्यायचा आणि तो हलक्या हातानं ओवायचा. नऊ वाजता गाडी सुरू झाली. हा आपला खूश होऊन चहाला आत गेला.

बाहेर येऊन पाहतो तर पुन्हा तेच. पुन्हा उघडलं, पुन्हा पांढरे कण, आणि आधीपेक्षा जास्त. आता मात्र त्याला स्वतःच्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. त्यानं एक कण बोटावर घेऊन चुरडला, हुंगला. पेट्रोलचा भपका, पण खाली काहीतरी आंबूस, घरातलं. दह्यासारखं. पेट्रोलात दही कुठून येणार? माणसानं विचार तरी काय करायचा!

बायको बुरुलचा दारात उभी होती. सकाळपासून ती गाडीकडे पाहत नव्हती, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"अगं, टाकीत काही घातलंस का?"

तिनं आधी नाही म्हटलं. मग म्हणाली, "माणूस लांब निघाला की घोड्याच्या आयाळीला दूध लावतो ना आपण? हिला आयाळ कुठं आहे? मग तोंडातच ओतलं."

ओरोझबायनं कपाळावर हात मारला. "एकदा ओतलंस ते ओतलंस. मी धुतल्यावर परत कशाला?"

"पहिली वाटी जाण्याची," ती म्हणाली. "दुसरी परत येण्याची."

तो चिडून टाकी सोडवायला गेला आणि थांबला. टाकी रिकामी करायची तर दुधाच्या दोन्ही वाट्या जाणार, येण्याचीसुद्धा. त्यातली जाण्याची कुठली आणि येण्याची कुठली, हे कसं निवडायचं? साडेदहा वाजले होते. घरात दुसरं पेट्रोल नव्हतं.

शेवटी बुरुलचानंच डोक्यावरचा रुमाल सोडला आणि बादलीवर धरला. तो टाकीतलं पेट्रोल वरून हळूहळू ओतत राहिला. पेट्रोल खाली गेलं, पांढरा चोथा वर राहिला. तळाशी बसलेलं दुधाचं पाणी सोडून बाकीचं त्यानं टाकीत भरलं, तिसऱ्यांदा केस ओवला, किक मारली. गाडी सुरू झाली आणि बंद पडली नाही.

मीरगुल आईच्या गळ्यात पडून साइडकारमध्ये बसली. ओरोझबायनं रुमाल झटकायला हात पुढे केला.

"राहू द्या," बुरुलचा म्हणाली, आणि चोथ्यावर घट्ट गाठ मारली. "गाडीला नको असेल, मला हवंय."

गाडी वळणाआड गेली तरी ती तशीच, उघड्या डोक्यानं उभी होती.